मेटल डिटेक्टर घेतलात? आता सोबती शोधा

गेल्या वर्षी दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये मी एक मेटल डिटेक्टर मागवला. कारण साधंच होतं. रात्री झोपण्याआधी मी इंग्लंडमधले व्हिडिओ बघायचे. हिरव्यागार शेतात दोन मित्र कानाला हेडफोन लावून फिरतात, यंत्र ‘पीं’ करतं आणि मातीतून चारशे वर्षांपूर्वीचं नाणं निघतं. मला वाटलं, बेंगळुरूत काय माती नाही?

पुढच्याच रविवारी सकाळी मी एकटीच निघाले. घरापासून जवळ एक तलाव आहे, त्याचा एक काठ उन्हाळ्यात कोरडा पडतो. वीस मिनिटांत माझ्याभोवती पाच-सहा माणसं जमली. एका अज्जींनी विचारलं, “निधी?” कन्नडमध्ये निधी म्हणजे पुरलेलं धन. मी हसून नाही म्हटलं, पण पुढे काय बोलावं हे कळेना. मी कोल्हापूरची, माझं कन्नड भाजीच्या भावापुरतं. मग वॉचमन आला, त्याने ओळखपत्र मागितलं आणि कोणाची परवानगी घेतली ते विचारलं. परवानगी मी कोणाचीच घेतली नव्हती. मान खाली घालून घरी आले आणि यंत्र कपाटावर टाकून दिलं.

तुमच्याही घरात कोणाला, तुम्हाला, मुलाला किंवा निवृत्त झालेल्या बाबांना, हा छंद खुणावत असेल, तर माझी चूक तुम्ही करू नका. चूक यंत्र घेण्यात नव्हती. चूक एकटं जाण्यात होती. आपल्या देशात या छंदाची सुरुवात यंत्रापासून होत नाही, सोबत्यांपासून होते. असं का, आणि असे सोबती कुठे मिळतील, तेच आज सांगते.

यंत्राला काय कळतं, काय नाही

आधी यंत्र समजून घ्या. खालच्या गोल तबकडीत तारेची वेटोळी असतात. त्यातून वीज फिरली की आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जमिनीत धातू असेल, तर त्यातही बारीकसा विजेचा प्रवाह सुरू होतो आणि तो यंत्राला जाणवतो. इतकंच. छंदासाठीच्या साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. फक्त सोनंच दाखवणारं यंत्र नसतं. चॉकलेटची चांदी, कॅनचं झाकण आणि सोन्याची अंगठी यांचे आवाज बरेचदा सारखेच येतात.

घरी मुलांबरोबर एक खेळ करून बघा. डब्यातली नाणी काढा आणि लोहचुंबक फिरवा. एक आणि दोन रुपयांची अलीकडची बरीचशी नाणी पटकन चिकटतील, कारण ती स्टेनलेस स्टीलची आहेत. म्हणजे ‘लोखंड वगळा’ असं बटण दाबून तुम्ही निघालात, तर यंत्र खिळ्यांसोबत ही नाणीही सोडून देईल. यंत्र काय लपवतं हे माहीत असणारा माणूस म्हणूनच सोबत लागतो.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १८८१ सालचं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली होती आणि ती शरीरात नेमकी कुठे आहे ते सापडत नव्हतं. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः बनवलेलं धातुशोधक यंत्र घेऊन आले. पण मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजवीकडेच आहे, म्हणून त्यांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनीही घोळ घातला. पुढे अध्यक्ष गेले आणि शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. सोबतचा माणूस हटवादी असला, तर चांगलं यंत्रही काही कामाचं नाही.

कायदा आधी वाचा, मग फावडं उचला

ऑनलाइन यंत्र सहज मिळतं, म्हणून कुठेही खणायची मुभा मिळाली असं होत नाही. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली, तर काय सापडलं, कुठे सापडलं आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्नाटकाने १९६२ मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला. दोन्हींचा गाभा एकच आहे. सापडलं की लपवू नका, सरकारला कळवा.

त्याशिवाय १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खणता येत नाही. बेंगळुरूचा जुना किल्ला आणि टिपूचा उन्हाळी राजवाडा हे त्यातच येतात. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. “बघू तर खरं” म्हणून ऑनलाइन विकायला टाकाल, तर भलत्याच अडचणीत याल.

मग इंग्लंडमधल्या लोकांना हे कसं जमतं? त्यांच्याकडेही नियम आहेत. शेतमालकाची परवानगी लागते. १९९६ च्या कायद्याप्रमाणे सोन्या-चांदीचा जुना ठेवा सापडला, तर चौदा दिवसांत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. १९९७ पासून तिथे साध्यासुध्या वस्तूंचीही नोंद ठेवणारी योजना आहे. नवा माणूस आधी क्लबात जातो, जुन्यांकडून शिकतो. व्हिडिओत दिसतं फक्त नाणं, पण त्याच्यामागे सोबत्यांची आणि नियमांची मोठी साखळी असते. आपल्याकडे तशी साखळी तयार मिळत नाही, ती आपली आपणच बांधावी लागते.

दायमाबादने शिकवलेला धडा

तुम्ही म्हणाल, सापडलं आणि सरकारला दिलं, झालं की! एवढ्यावर भागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, प्रवरेकाठच्या दायमाबाद गावची गोष्ट ऐका. १९७४ मध्ये तिथे झुडपाचं मूळ खणताना काशाच्या चार वस्तू निघाल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. अशा वस्तू महाराष्ट्रात दुसरीकडे सापडल्या नव्हत्या. पुढे पुरातत्त्व खात्याने तिथे काही वर्षं रीतसर उत्खनन केलं.

पण त्या चार वस्तू नेमक्या किती जुन्या? काही अभ्यासक त्या हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या मानतात, तर काहींना त्या बऱ्याच नंतरच्या वाटतात. हा वाद अजून मिटलेला नाही. कारण त्या मातीच्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणतं खापर पडलं होतं, हे बघणारा जाणकार त्या क्षणी तिथे नव्हता. यात खणणाऱ्याचा काहीच दोष नाही, तो तर झुडूप काढत होता. पण आपण मुद्दाम यंत्र घेऊन जाणार आणि “मला माहीत नव्हतं” म्हणणार, हे बरोबर नाही. वस्तू एकदा मातीतून उपसली की तिची अर्धी गोष्ट मातीतच राहते.

म्हणून “थांब, हात लावू नकोस, आधी फोटो काढ” असं म्हणणारा माणूस शेजारी असायला हवा.

बेंगळुरूत सोबती कुठे भेटतील?

या शहराच्या पोटात काय काय आहे, याची कल्पना आपल्याला नसते. १८९१ मध्ये यशवंतपूरला रेल्वेच्या कामात आणि १९६५ मध्ये एचएएल विमानतळाच्या भागात रोमन नाणी सापडली. २०१२ मध्ये मेट्रोच्या खोदकामात के. आर. मार्केटच्या परिसरात टिपूच्या काळातल्या तोफा निघाल्या. यातलं काहीच छंद म्हणून फिरणाऱ्यांना सापडलेलं नाही. पण जुन्या खुणा मन लावून शोधणारी माणसं या शहरात भरपूर आहेत. फक्त त्यांच्या हातात यंत्र नसतं, वही असते.

शिलालेख शोधणारे : २०१७ च्या सुमारास शहरातल्या शिलालेखांच्या मागे लागलेल्या काही हौशी लोकांचा गट इथे तयार झाला. त्यांचा आधार होता बी. एल. राईस यांचा ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ हा ग्रंथ. त्याचा बेंगळुरू जिल्ह्याचा खंड १९०५ चा. त्यात नोंदवलेला दगड आज कुठे आहे, गटाराखाली, गोठ्याच्या भिंतीत की बिल्डिंगच्या मागे, हे ते गल्लोगल्ली फिरून बघतात. २०१८ मध्ये हेब्बाळला गटार खणताना सुमारे इसवी सन ७५० चा, कित्तय्या नावाच्या वीराचा दगड वर आला. तो शहरातला सगळ्यात जुना कन्नड लेख मानला जातो. लोकांनी पैसे जमवून त्याच्यासाठी मंडप उभारला. नृपतुंग रस्त्यावरची, १९०९ पासूनची मिथिक सोसायटी ही संस्था २०२१ पासून अशा दगडांच्या त्रिमितीय डिजिटल प्रती करत आहे. सुरुवात करायला यापेक्षा चांगली शाळा नाही. इथे न खणता शोधायला शिकता येतं.

वारसा-फेरीतली मंडळी : इंटॅकची बेंगळुरू शाखा जुन्या पेठा, देवळं, वाडे दाखवायला पायी फेऱ्या काढते. अशा एखाद्या फेरीला जा आणि फेरी संपल्यावर थांबून जो प्रश्न विचारत राहतो, त्याच्याशी बोला. हाच तुमचा माणूस.

नाणी जमवणारे : शहरात नाण्यांची मोठी प्रदर्शनं भरतात. तिथले जुने संग्राहक हाताच्या तळव्यावर नाणं घेऊन दोन मिनिटांत ओळख सांगतात. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असतं, हे तुम्ही तिथे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दाखवू शकता. एकच काळजी घ्या. “कुठे मिळालं?” या प्रश्नाला सरळ उत्तर देणाऱ्याशीच मैत्री करा.

आपली मराठी माणसं : गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात, गणपतीत, हळदीकुंकवात विषय काढून बघा. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात १६६९ चा शिलालेख आहे. देवळाला गाव दान दिल्याचा तो लेख शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचा आहे. एका रविवारी चार कुटुंबांनी मिळून तो बघायला जायचं ठरवलं, तर तुमचा गट तिथेच तयार झाला समजा.

कन्नड बोलणारा एक तरी सोबती : हे मी ठोकर खाऊन शिकले. शेतमालकाची परवानगी मागायची, अज्जींना समजावून सांगायचं, गावातल्या ताताकडून जुन्या विहिरीची गोष्ट ऐकायची, तर हे सगळं त्यांच्याच भाषेत व्हायला हवं. आणि इथल्या मातीबद्दल इथल्या माणसाइतकं कोणालाच माहीत नसतं.

या सोबत्यांपासून लांब राहा

आपल्याकडे गुप्तधनाच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या असतात. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणे, त्यावर नाग बसलेला असतो म्हणे. गोष्ट म्हणून ऐकायला मजा येते, पण कोणी ती खरी मानून तुमच्याकडे आलं, तर सावध व्हा. गुप्तधनासाठी केले जाणारे अघोरी प्रकार महाराष्ट्रात २०१३ च्या आणि कर्नाटकात २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहेत.

खालीलपैकी एक जरी लक्षण दिसलं, तरी हात जोडून निघून या.

• “अमावास्येला जाऊ” किंवा “रात्रीच जाऊ” असं म्हणणारा.

• पडकं देऊळ, वीरगळ किंवा किल्ल्याचा बुरूज सुचवणारा.

• शंभर फूट खोलवरचं सोनं दाखवणारी काठी किंवा यंत्र विकणारा.

• जमिनीच्या मालकाला न सांगता जायला तयार असणारा.

• सापडण्याआधीच वाटणीची भाषा करणारा आणि “घरी सांगू नकोस” असं बजावणारा.

मुली आणि महिलांसाठी आणखी एक गोष्ट. नव्या गटाची पहिली भेट कॅफेत, बागेत किंवा फेरीत, चार माणसांत घ्या. ठिकाण घरच्यांना कळवा. ओळख मुरल्याशिवाय गावाबाहेर जाऊ नका.

पहिला रविवार कसा घालवाल?

सोबती मिळाले, तीन-चार जण जमले, तर सुरुवात अशी करा.

जागा : स्वतःचं किंवा नातेवाइकांचं शेत, सोसायटीचं लॉन, ओळखीच्यांचं अंगण. मालकाची किंवा सोसायटीच्या कमिटीची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा साधा मेसेज तरी हवाच. तलाव, बागा आणि मोकळे सरकारी प्लॉट हे कोणाचे नाहीत असं वाटतं, पण त्यांनाही मालक असतो.

सराव : आधी एका कोपऱ्यात पाच नाणी, एक खिळा, एक बाटलीचं झाकण आणि चांदीची जुनी अंगठी दोन-चार बोटं खोल पुरा. कोणाचा आवाज कसा येतो ते मुलांना वहीत लिहायला सांगा.

अंतर : दोन यंत्रं असतील, तर एकमेकांपासून काही मीटर लांब राहा. जवळ आली की ती एकमेकांना गोंधळात टाकतात.

कामं वाटून घ्या : एक यंत्र फिरवेल, एक खुरप्याने माती उकरेल, एक फोटो आणि नोंद करेल, एक खड्डा बुजवेल. लॉनमध्ये विजेच्या केबल असतात, त्या कुठून जातात ते इलेक्ट्रिशियनला आधीच विचारा.

आधीच ठरवा : जुनं काही दिसलं तर काम तिथेच थांबेल, फोटो निघेल आणि सरकारला कोण कळवणार त्याचं नाव आजच ठरेल. वाद नंतर होतात, म्हणून बोलणं आधी करा.

कचरा : तुम्हाला सगळ्यात जास्त सापडणार आहेत ते खिळे, पत्रे आणि झाकणं. ते परत मातीत टाकू नका, पिशवीत भरून घरी आणा.

आणि माझ्या यंत्राचं काय झालं?

ते दोन महिने कपाटावर पडून होतं. मग एका संध्याकाळी मावशी रडवेली होऊन घरी आली. ती तीस वर्षांपासून बेंगळुरूत आहे. आमच्या आजीच्या मोत्याच्या कुड्या ती सणाला घालते. त्यातली एक सोसायटीच्या लॉनवर, मुलांच्या खेळण्याच्या जागेत कुठेतरी पडली होती. आजी जाऊन आता सहा वर्षं झाली.

“अगं, तुझं ते यंत्र काढ की!” मावशी म्हणाली.

मी यंत्र काढलं, पण या वेळी एकटी गेले नाही. तळमजल्यावर एक अंकल राहतात, बीईएलमधून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांचं दार वाजवलं. ते आले, सोबत पाचवीतली नातही आली. मी यंत्र घेऊन लगेच इकडेतिकडे फिरायला लागले, तर त्यांनी थांबवलं. सुतळी मागवली, चार खुंट्या ठोकल्या आणि लॉनचे चौकोन पाडले. म्हणाले, एक चौकोन संपल्याशिवाय दुसऱ्यात जायचं नाही. नातीने वहीत तसेच चौकोन काढले.

पहिल्या दिवशी अंधार पडेपर्यंत सात चौकोन झाले. मिळाली अकरा झाकणं, एक किल्ली आणि एका खेळण्यातल्या गाडीचं चाक. वॉचमनने खुर्ची आणून दिली. दोन काकू चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवव्या चौकोनात यंत्राने अगदी बारीक आवाज दिला. मला तो आणखी एका झाकणाचाच वाटला. मी पुढे निघणार, तेवढ्यात नात म्हणाली, “अक्का, वहीत या चौकोनात अजून काहीच लिहिलेलं नाही.” ती गुडघ्यावर बसली, गवत बोटांनी बाजूला केलं. खणावंही लागलं नाही. मातीने माखलेली कुडी गवताच्या मुळाशीच होती.

मावशीने ती धुतली आणि तिथेच कानात घातली.

आता आमच्या सोसायटीत कोणाची अंगठी किंवा पैंजण हरवलं की आम्हा तिघांना फोन येतो. महिन्यातून एकदा अंकल आम्हाला कुठला तरी शिलालेख बघायला घेऊन जातात. बेगूरच्या देवळातला सुमारे ८९० सालचा वीरगळ त्यांनीच दाखवला. त्यावर बेंगळुरूच्या लढाईचा उल्लेख आहे, म्हणजे ‘बेंगळुरू’ हे नाव अकराशे वर्षांहून जुनं आहे. तो दगड बघायला यंत्र लागत नाही, पण वाचून दाखवणारा लागतो.

तुमचंही यंत्र कपाटावर पडलं असेल, तर आज ते काढू नका. आज फक्त एक दार वाजवा.